दारं उघडी टाकून झोपायचे ते दिवस, आणि हॉब्सची भीती

प्रश्न असा आलाय, थॉमस हॉब्स या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाबद्दल. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी विचारते की, "हॉब्स म्हणतो माणसं भीतीपोटी सरकार मानतात. आमचे आजोबा नेहमी सांगतात, पोर्तुगीजांच्या वेळी लोक दारं उघडी टाकून झोपायचे, चोरी नाही, दंगा नाही, कारण धाक होता. मग हॉब्सच्या हिशोबाने तेच सरकार चांगलं का? पेपरात काय लिहू आणि स्वतः काय मानू?"

मी कॉलेजात शिकवत नाही. राज्यशास्त्रात एम.ए. केलं, मग लॉ केलं, आणि गेली ३१ वर्षं गोव्यात फोंड्याला दिवाणी कोर्टात वकिली करतोय. वाटेचे हक्क, मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची घरं, भावाभावांच्या वाटण्या, देवस्थानातले मानपान, ही माझी रोजची कामं. एम.ए.ला असताना हॉब्स मी पाठ केला होता, तो कळला मात्र कोर्टाच्या व्हरांड्यात बसून, तेव्हा उत्तर त्याच अंगाने देतो आणि जरा लांबेल, सांभाळून घे.

पहिलं म्हणजे तुझे आजोबा खोटं बोलत नाहीत. माझी आजीही तेच सांगायची, आमच्या घराला पुढच्या दाराला आडसर सुद्धा नव्हता म्हणे. आणि गंमत बघ, हॉब्सने सुद्धा आपलं म्हणणं पटवायला दाराचाच दाखला घेतलाय. त्याचं 'लेव्हायथन' हे पुस्तक १६५१ सालचं, त्यातलं तेरावं प्रकरण काढ. तिथे तो वाचकाला सांगतो की माणसाबद्दल मी वाईट बोलतो असं वाटत असेल तर स्वतःकडे बघ, प्रवासाला निघताना तू हत्यार बाळगतोस, सोबत शोधतोस, झोपताना दार लावतोस, आणि घरात असताना सुद्धा पेटीला कुलूप घालतोस, ते पण देशात कायदा आहे, अधिकारी आहेत हे माहीत असताना. मग सोबतच्या लोकांबद्दल, गावकऱ्यांबद्दल, घरातल्या मुलांनोकरांबद्दल तुझं मत काय आहे ते तुझ्या कुलपाने सांगितलंच की. मी शब्दांनी सांगतो, तू कृतीने सांगतोस, इतकाच फरक, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे उघडं दार ही हॉब्सच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, ती आपण हसण्यावारी नेऊ नये. पण दार उघडं होतं म्हणजे भीती नव्हती का, की भीती दुसऱ्या दाराने आत आली होती, हा प्रश्न राहतोच आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं सगळं उत्तर तिथेच आहे.

हा माणूस कुठून आला ते थोडं बघ, म्हणजे तो भीतीवर एवढा का अडून बसतो ते कळेल. जन्म ५ एप्रिल १५८८, इंग्लंडात माम्सबरीजवळ. त्या वर्षी स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून येणार अशी आवई सगळीकडे होती आणि त्या धास्तीने आईला वेळेआधी कळा आल्या असं सांगतात. म्हातारपणी त्याने लॅटिन पद्यात आत्मचरित्र लिहिलं त्यात तो म्हणतो की आईने जुळ्यांना जन्म दिला, मी आणि भीती. बाप चर्चचा पाद्री, दुसऱ्या पाद्र्याशी मारामारी करून परागंदा झाला, काकाने पोराला शिकवलं. मग आयुष्यभर कॅव्हेंडिश या सरदार घराण्यात शिक्षक आणि चिटणीस. १६४० ला राजा आणि पार्लमेंट यांचं फाटायला लागलं तसा हा पॅरिसला निघून गेला, ११ वर्षं तिकडेच. इकडे १६४२ ला यादवी पेटली, जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडवलं. शेजारी शेजाऱ्याला, भाऊ भावाला मारत होता, आणि प्रत्येकाच्या तोंडी धर्म आणि न्याय हेच शब्द. हे बघून त्याने पुस्तक लिहिलं. आरामखुर्चीत बसून माणूस वाईट आहे असं ठरवलेला हा माणूस नाही, घर पेटलेलं पाहिलेला आहे, हे लक्षात ठेवून वाच.

आता निसर्गावस्था, म्हणजे सरकारच नसेल तेव्हाची माणसाची अवस्था. पेपरात सगळी मुलं एकच ओळ लिहितात, जीवन एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी आणि अल्प. ओळ बरोबर आहे पण त्याच्या आधी तो एक फार नेमकी गोष्ट सांगतो ती कोणी लिहीत नाही. युद्ध म्हणजे प्रत्यक्ष मारामारी नव्हे, तो म्हणतो, वाईट हवामान म्हणजे जशा एकदोन सरी नव्हेत, कित्येक दिवस पाऊस केव्हाही कोसळेल असं वातावरण असणं, तसं युद्ध म्हणजे मारामारी केव्हाही होईल अशी तयारी असणं आणि होणार नाही याची कसलीच खात्री नसणं. आपल्या गोंयच्या माणसाला हे समजवायला नको. जूनमध्ये चार तास ऊन पडलं म्हणून कोणी सोलां अंगणात वाळत टाकून बाजारात जात नाही. पाऊस पडत नसतो, तरी दिवस पावसाचाच असतो आणि सगळी कामं त्या हिशोबाने अडून राहतात. हॉब्सची भीती ही अशी आहे. किंचाळायला लावणारी नव्हे, कामं अडवून ठेवणारी. तो पुढे लिहितो तेच, अशा अवस्थेत शेती होत नाही कारण पीक आपल्या हाती लागेल याचा भरवसा नसतो, जहाजं निघत नाहीत, इमारती उभ्या राहत नाहीत, विद्या नाही, कला नाही.

भांडणाची कारणं तो तीन सांगतो. एकाच गोष्टीवर दोघांचा डोळा असणं, समोरच्याचा भरवसा नसणं, आणि मान. पहिलं तुला कळेल, जमिनीला भाव आला की भावाभावांत काय होतं ते प्रत्येक गावात दिसतं. दुसरं जास्त खोल आहे, मी वाईट नाही, तूही वाईट नाहीस, पण तू आधी हात उचलशील अशी मला शंका, म्हणून मी आधी उचलतो. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या केसेस ह्या दुसऱ्या कारणाच्या असतात, "त्याने बांध सरकवायच्या आधी मी सरकवला वकीलसायब," असं अशील स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि त्याला त्यात काही चूक वाटत नाही. पण सगळ्यात कडवट केसेस तिसऱ्या कारणाच्या. हॉब्स म्हणतो माणसं क्षुल्लक गोष्टीवर जिवावर उठतात, एखादा शब्द, एखादं हसू, एखादं वेगळं मत. मी एका गावच्या देवस्थानाची केस ११ वर्षं चालवली, वाद काय तर जत्रेला पालखीचा पुढचा दांडा कोणत्या कुळाने धरायचा. जमीन नाही, पैसा नाही, दांडा. त्यापायी दोन वर्षं जत्राच बंद, गावात लग्नाची आमंत्रणं सुद्धा अर्ध्या घरांना जात नव्हती. मी त्यांना कधी हसलो नाही. मान गेला की माणसाला आपण उद्या या गावात कोण म्हणून राहणार हेच कळेनासं होतं, आणि ती भीती मरणाच्या भीतीच्या फार लांब नाही.

अशा वेळी कायदा काय करतो ते बघण्यासारखं आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४५ कलम होतं, आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १६४ झालंय. जमिनीच्या वा पाण्याच्या वादातून शांतताभंग होईल असं दिसलं की कार्यकारी दंडाधिकारी दोघांना बोलावतो, आणि इथे मालक कोण हा प्रश्नच घेत नाही. फक्त ताबा प्रत्यक्ष कोणाकडे आहे आणि गेल्या दोन महिन्यांत कोणाला जबरदस्तीने हुसकावलंय का, इतकंच बघतो. खरं खोटं नंतर दिवाणी कोर्ट ठरवेल, आधी काठ्या खाली ठेवा. मला हे कलम पहिल्यांदा चालवताना वाटलं होतं की हा शुद्ध हॉब्स आहे. न्यायाच्या आधी शांतता, कारण शांतता नसेल तर न्याय मागायला माणूस जिवंत राहिला पाहिजे ना.

मग करार. प्रत्येक माणूस प्रत्येक माणसाशी ठरवतो की स्वतःचा न्याय स्वतः करण्याचा माझा अधिकार मी सोडतो, तूही सोड, आणि आपण दोघांनी याला किंवा या सभेला तो देऊ. सभा हा शब्द खाली रेघ मारून ठेव, कारण हॉब्स म्हणजे राजेशाहीचा भाट असं पोरं लिहून येतात. राजा बरा असं त्याचं मत होतं, पण सत्ता एका माणसाकडे की सभेकडे यावर त्याचा सिद्धांत अवलंबून नाही. आणि तलवारीशिवाय करार म्हणजे नुसते शब्द, हे त्याचं सतराव्या प्रकरणातलं प्रसिद्ध वाक्य. पंधराव्यात तो आणखी एक म्हणतो ते आम्हा वकिलांचं अन्न आहे, कोणीही स्वतःच्या भांडणात स्वतः पंच होण्याला लायक नसतो.

हे सगळं पुस्तकात सोपं वाटतं. आता एक वाट सांगतो.

फोंडा तालुक्यातल्याच एका गावात दोन घरं, मधून साडेतीन हात रुंदीची पायवाट, मागच्या घराला रस्त्यावर यायला तेवढी एकच. चुलत्याचीच घरं होती मूळ. पुढच्याने एके रात्री वाटेवर चिरे रचले, कमरेएवढे, माती लिंपून. सकाळी मागच्या घरातली म्हातारी दुधाला निघाली ती चिऱ्यांपाशी थांबली. मी तिच्या बाजूने दावा घातला २००४ साली. मनाई हुकुमाचा अर्ज, त्यावर समोरच्याचं उत्तर, कोर्टाने कमिशनर नेमला, त्याने जागेवर येऊन माप घेतलं, त्यावर हरकत, मग एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर नाव कोणाचं यावरून नवी हरकत, मध्ये न्यायाधीश बदलले, साक्षीदार वारला. निकाल लागला २०१३ ला, अपील संपलं २०१८ ला, हुकूम बजावायची दरखास्त निकाली लागून बेलीफ जागेवर आला तो २०१९ च्या मे महिन्यात.

पंधरा वर्षं. कायदा होता, कोर्ट होतं, पोलीस चौकी तीन किलोमीटरवर होती, आणि त्या दोन घरांत या पंधरा वर्षांत हॉब्सची निसर्गावस्था होती, अक्षरशः. मागच्यांनी कुत्रा पाळला, पुढच्यांनी दोन पाळले. रात्री कोण चिऱ्याला हात लावतो ते बघायला पोरगा पडवीत झोपायचा. विहिरीत कोणी काही टाकेल म्हणून झाकण आणि झाकणाला कुलूप. घराचं छप्पर गळत होतं पण कौलं उतरवायची नाहीत, कारण दुरुस्ती काढली की समोरचा पंचायतीत तक्रार करेल. मुलीचं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांना मागच्या शेतातून आणलं, चिखल तुडवत. कोणी कोणाला मारलं नाही. एकही फौजदारी केस नाही. पाऊस पडला नाही, नुसता पंधरा वर्षं भरून आलेला.

बेलीफ आला तेव्हा मी गेलो होतो, खरं तर वकिलाने जायची गरज नसते. चार मजूर, पहारी, एक पोलीस हवालदार झाडाखाली उभा. चिरे बाजूला व्हायला चाळीस मिनिटं लागली. म्हातारी तोवर राहिली नव्हती, तिची सून पडवीत उभी राहून बघत होती. आणि हरलेला जो पुढचा, तो आधी घरात दार लावून बसला होता, तो शेवटी बाहेर आला, चिरे कुठे ठेवायचे ते त्यानेच मजुरांना दाखवलं आणि मला म्हणाला, "सुटलो बाबा एकदाचो." हे वाक्य मी विसरू शकत नाही. हरलेला माणूस सुटलो म्हणतो. हॉब्सला जे म्हणायचंय ते हे, की निकाल माझ्या बाजूने लागण्यापेक्षा कोणीतरी तो लावणं आणि तो पाळला जाणं, यात दोघांचीही सुटका आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, राज्याचा धाक कमी झाला की अराजक येतं असं लोक म्हणतात त्यापेक्षा राज्याचा निकाल उशिरा आला की अराजक येतं हे जास्त खरं आहे. पोलिसाच्या दंडुक्याचा आकार वाढवून त्या दोन घरांतली भीती तसूभरही कमी झाली नसती. दीड वर्षात निकाल लागला असता तर झाली असती.

आता धाकाकडे येऊ. हॉब्सची भीती म्हणजे राजाने प्रजेला घाबरवून ठेवणं, हा जो समज आहे तो पुस्तक न वाचल्याचा आहे. १६४२ च्या 'दि सिव्हे' या लॅटिन पुस्तकाच्या एका टिपेत त्याने स्वतः खुलासा केलाय की भीती म्हणजे मी नुसतं दचकणं म्हणत नाही, पुढे येणाऱ्या वाईटाचा अंदाज घेणं, सावध राहणं, तरतूद करणं हे सगळं त्यात धरतो. आणि शिक्षेबद्दल अठ्ठाविसावं प्रकरण वाच, ते वाचल्याशिवाय हॉब्सवर उत्तर लिहू नकोस असं मी म्हणेन. तिथे तो म्हणतो की आधी जाहीरपणे दोषी ठरवल्याशिवाय सरकारने माणसाला दिलेला त्रास ही शिक्षाच नव्हे, ते शत्रुत्वाचं कृत्य. जो कायदा तेव्हा नव्हताच त्याच्यासाठी दिलेला त्रास, तोही शत्रुत्व. निरपराध्याला शिक्षा, तर निसर्गनियमाच्याच विरुद्ध. चौदाव्यात आणि एकविसाव्यात तो सांगतो की स्वतःवर आरोप करायला कोणी बांधील नाही आणि जीव वाचवायचा हक्क माणूस कुठल्याही करारात देऊन टाकू शकत नाही, फाशीला नेताना सुद्धा. आपल्या राज्यघटनेचं २० वं कलम काढून शेजारी ठेव, गुन्हा नंतर ठरवून शिक्षा नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. घटनाकारांनी हॉब्समधून घेतलं असं मी म्हणत नाही, पण ज्याला आपण धाकाचा तत्त्वज्ञ म्हणतो त्याच्या पुस्तकात ही दोन्ही तत्त्वं बसलेली आहेत हे पेपर तपासणाऱ्याला दिसू दे.

तिसावं प्रकरणही असंच. सार्वभौमाचं, म्हणजे सगळी सत्ता ज्याच्या हाती दिली त्याचं, काम काय तर लोकांची सुरक्षितता, आणि सुरक्षितता म्हणजे नुसता जीव वाचणं नव्हे, कष्टाने मिळवलेल्या जगण्यातल्या सगळ्या सुखसोयी, असं तो फोड करून सांगतो. तिथेच म्हणतो की सत्तेचा पाया लोकांना नीट समजावून शिकवला पाहिजे कारण नुसत्या शिक्षेच्या दहशतीवर तो टिकत नाही. हे हॉब्स म्हणतो! आणि कायद्याला त्याने वईची, म्हणजे कुंपणाची उपमा दिलीय. वई वाटसरूला अडवायला नसते, त्याला वाटेवर ठेवायला असते. साडेतीन हाताच्या वाटेसाठी पंधरा वर्षं कोर्टात उभं राहिलेल्या माणसाला ही उपमा वाचून काय वाटलं असेल ते तूच ठरव. चिरे रचणं आणि वई घालणं यात फरक आहे, दोन्ही दगडमातीचीच असली तरी.

आता आजोबांच्या दाराशी परत. शेजाऱ्याची भीती तेव्हा कमी होती, मान्य. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत इथे जाहीर सभेला परवानगी, छापायच्या कागदाला सेन्सॉर, लग्नाची पत्रिका सुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे असं स्वातंत्र्यसैनिक सांगत आलेत. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले तर लगेच अटक, आणि त्यांची मागणी काय होती, बोलायचा हक्क. त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले नेते त्रिस्ताव ब्रागांझ कुन्या यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन थेट पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हद्दीतून आत आले त्यांच्यावर गोळ्या चालवल्या, वीसहून जास्त माणसं मेली. पीड म्हणून गुप्त पोलीस होते, त्यांचं नाव माझी आजी माझ्या लहानपणी सुद्धा आवाज खाली आणून घ्यायची, गोवा मुक्तीला तेव्हा दहाबारा वर्षं होऊन गेली होती. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी हद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, कोकणी आणि पोर्तुगीजमधून, डिसेंबर १९६१ पर्यंत. लोक तो ऐकायचे, पण कसे ऐकायचे ते विचार.

हॉब्सच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणाचा गज घेऊन हे मोजलं तर आधी जाहीर दोष ठरवल्याशिवाय उचलून नेणं हे शासन नव्हेच, शत्रुत्व आहे. म्हणजे सरकारच निसर्गावस्थेत आलं, तेच दाराबाहेर रात्री उभं.

आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. मी घरून कोर्टाला येतो त्या वाटेवर म्हार्दोळ लागतं, मंगेशी लागतं. म्हाळसा मूळ वेर्ण्याची, मंगेश कुशस्थळीचा, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीत देवळं पाडायला घेतली, १५६० ला इन्क्विझिशन बसलं ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं, तेव्हा लोकांनी रातोरात देव पाठीवर घेतले आणि जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याच्या भागात आले, कारण हा भाग तेव्हा आदिलशहाकडे होता. आज ज्या देवळांत आपण सहज जातो ती उभी राहिली ती एका राज्याच्या भीतीने पळालेल्या माणसांनी. हॉब्स एकविसाव्या प्रकरणात लिहितो की प्रजेचं बंधन तोवरच, जोवर सत्ता तिचं रक्षण करू शकते, त्यापुढे नाही. नदी ओलांडणाऱ्यांनी तो वाचला नव्हता, तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

मग हॉब्स बरोबर का? इथे मी त्याच्यापासून वेगळा होतो. त्याच्या करारात सार्वभौम स्वतः पक्षकार नाही, करार लोकांचा आपापसात, त्यामुळे सार्वभौमाने करार मोडला असं म्हणताच येत नाही. वकील म्हणून मला हा दस्तऐवज बघून पहिल्याच वाचनात धडकी भरते. ज्याला सगळं दिलं त्याची सहीच नाही. अठराव्या प्रकरणात तो म्हणतो की वाईटातल्या वाईट सरकारचा त्रास सुद्धा यादवीच्या हालांपुढे काहीच नाही, आणि यादवी पाहिलेल्या माणसाच्या तोंडी हे मी समजू शकतो, पण हे वाक्य त्याच्या हातातून निसटून भलत्यांच्या हातात जातं. जॉन लॉक या नंतरच्या इंग्रज विचारवंताने पुढे त्याला उत्तर दिलं ते विसरण्यासारखं नाही, रानमांजराला आणि कोल्ह्याला भिऊन माणसं सिंहाच्या तोंडी जाणं ही सुरक्षितता समजतील इतकी मूर्ख असतील का? आपल्याकडे कौटिल्याने तर हे कितीतरी आधी एका सुरात सांगून ठेवलंय. दंडच नसेल तर मात्स्यन्याय, मोठा मासा लहानाला गिळतो, इथवर तो हॉब्सच. पण पुढे म्हणतो की कडक दंड देणाऱ्याला लोक वैतागतात, सौम्य देणाऱ्याला कमी लेखतात, आणि यथार्ह, म्हणजे ज्याला जितका योग्य तितकाच दंड देणारा, त्याला मान देतात. हॉब्सने दंड कोणाच्या हाती ते सांगितलं, किती यावर त्याचा हात आखडतो.

दुसरी हरकत खाजन जमिनीतून. तू किनाऱ्याकडची असशील तर बघितलंच असेल, नदीकाठच्या खाऱ्या सखल जमिनी बांध घालून शेतीखाली आणलेल्या, बांधाला मानस, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची मोरी, त्याची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप लागतात आणि ओहोटीला उघडतात. हे सगळं पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचं, गांवकरीने, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावच्या संस्थेने उभं केलेलं. राजा होता, पण कुठेतरी लांब. बांधाची राखण, खांड पडली तर कोणी धावायचं, मानशीतल्या मासळीचा लिलाव, त्यातून बांधाचा खर्च, हे गावाने गावात ठरवलं. तलवारीशिवाय करार नुसते शब्द म्हणणाऱ्याला हा बांध दाखवायला हवा होता. पण अर्धाच, कारण गांवकरीकडे तलवार नसली तरी दंड होता, हिशोब होता, आणि चुकलेल्याला सगळा गाव ओळखत होता. शिवाय सगळे गांवकार नव्हते, चिखलात उतरणाऱ्यांना त्या सभेत जागा नव्हती, हेही मुंडकारांच्या केसेस चालवणारा मी विसरू शकत नाही. पुढे १९६४ चा कूळ कायदा आला, जमीन कसणाऱ्याच्या बाजूने, चांगलं झालं. पण बांध मात्र कोमुनिदाद (गांवकरीचंच पोर्तुगीज नाव), कुळांची संघटना आणि मामलेदार यांच्या मध्ये लोंबकळला. मी अशा दोन केसेस केल्या जिथे बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि तिन्हीकडचे कागद म्हणत होते की दुरुस्ती दुसऱ्याने करायची. इथे पुन्हा हॉब्स आठवतो. सत्ता तीन ठिकाणी वाटली की ती नाहीशी होते, हा त्याचा मुद्दा मला पुस्तकात कधी पूर्ण पटला नव्हता, त्या फुटक्या बांधावर उभं राहून बराचसा पटला.

पेपरात लिहिताना तेरा, सतरा, एकवीस, अठ्ठावीस आणि तीस या प्रकरणांचा आधार घे, निसर्गावस्थेची व्याख्या पावसाच्या उपमेसकट लिही, आणि सार्वभौम करारात पक्षकार नाही यावर टीका कर, मार्क मिळतील. धाकाचं सरकार चांगलं का याचं उत्तर मी देईन ते असं, की मला शेजाऱ्याची भीती वाटू नये म्हणून सरकार हवं आणि त्या सरकारचा निकाल वेळेवर हवा, आणि ज्या दिवशी मला शेजाऱ्याऐवजी सरकारचीच भीती वाटायला लागते त्या दिवशी मी जे देऊन टाकलं होतं त्याच्या बदल्यात मला काहीच मिळालेलं नसतं.

बाकी आजोबांशी वाद घालू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि विचार, दार उघडं टाकून झोपायच्या आधी जंगलातला तो रेडिओ लावायचे का, आणि लावायचे तर दार तेव्हाही उघडंच असायचं का.